कलेजी, गुर्दे आणि किळस : पाश्चात्त्यांच्या ताटातून अवयव कसे नाहीसे झाले

१/ दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. अमेरिकेतील आयोवा राज्यात रेड क्रॉसच्या गृहिणी-स्वयंसेविकांचे सहा गट एका प्रयोगासाठी निवडण्यात आले. प्रत्येक गटात १३ ते १७ स्त्रिया. विषय एकच : गुरांचे हृदय, गुर्दे आणि ‘स्वीटब्रेड’ म्हणून ओळखली जाणारी वासराची ग्रंथी आपल्या स्वयंपाकघरात शिजवता येईल का? हातात वेळ होता ४५ मिनिटे.

२/ प्रश्न पदार्थाचा होता, तितकाच किळसेचाही होता. हे अवयव पौष्टिक होते, स्वस्त होते, बाजारात उपलब्ध होते. तरीही मध्यमवर्गीय अमेरिकी घरांत त्यांना प्रवेश नव्हता. ही किळस आली कोठून? ती प्राचीन होती, की अलीकडची? आणि ती मोडता येते का? या धाग्यात त्याचा मागोवा. 🧵

३/ प्रथम शब्दाकडे पाहू. अशा मांसाला इंग्रजीत ‘ऑफल’ म्हणतात. खाटकाने जनावर कापताना जे ‘गळून पडते’ ते ऑफल. जर्मन भाषेतील ‘आबफाल’ याच घडणीचा शब्द. त्याचा आजचा अर्थ सरळ ‘कचरा’ असा आहे. म्हणजे निवाडा नावातच झालेला दिसतो. पण युरोपातील सर्व भाषा असा निवाडा देत नाहीत.

४/ प्राचीन रोममध्ये जनावरांना अंजिरे खाऊ घालून त्यांचे यकृत मोठे करीत. लॅटिनमध्ये अंजीर म्हणजे ‘फिकुस’. म्हणून ही कलेजी ‘फिकातुम’, अंजिरावर पोसलेली. हा पदार्थ इतका मानाचा ठरला की यकृताचा मूळ लॅटिन शब्द मागे पडला. इटालियन ‘फेगातो’, स्पॅनिश ‘इगादो’, फ्रेंच ‘फ्वा’ हे सारे शब्द त्या अंजिरातूनच आले आहेत. स्वयंपाकातील नावाने शरीरशास्त्रातील नाव बदलल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय.

५/ ग्रीकांच्या यज्ञात बळी दिलेल्या जनावराचे हृदय, यकृत, फुप्फुस, गुर्दे सळईवर भाजून सर्वांत आधी खाल्ले जात. त्यांना ‘स्प्लांख्ना’ म्हणत. हा पहिला घास यज्ञाशी निकट असलेल्यांचा मान असे. याच शब्दापासून पुढे ग्रीकमध्ये ‘करुणा येणे’ हे क्रियापद घडले. मराठीत ‘काळीज’ हा शब्द जे काम करतो, ते तेथे ‘स्प्लांख्ना’ करीत असे.

६/ इटलीत पियाचेंझाजवळ १८७७ साली एक कांस्यशिल्प सापडले : मेंढीच्या यकृताची प्रतिकृती, तिच्यावर कप्पे पाडलेले आणि त्यांत एत्रुस्कन देवतांची नावे कोरलेली. बळीच्या यकृतावरून शकुन पाहणाऱ्यांच्या परंपरेतील ही वस्तू. ज्या अवयवावर देवतांची इच्छा वाचली जात असे, तो त्या काळी कचरा असणे शक्यच नव्हते.

७/ मध्ययुगात चित्र पालटले का? नाही. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातील पाककृतींचा संग्रह ‘द फॉर्म ऑफ क्युरी’ इ.स. १३९०च्या सुमाराचा. त्यात ‘नूम्बल्स’ची कृती आहे. नूम्बल्स म्हणजे प्रामुख्याने हरणाच्या पोटातील खाद्य अवयव. हा पदार्थ राजाच्या स्वयंपाक्यांच्या संग्रहात आढळतो, नोकरांच्या उरल्यासुरल्यात नव्हे.

८/ पुढे ‘नम्बल्स’मधील आरंभीचा ‘न’ गळून ‘अम्बल्स’ झाले. सॅम्युअल पेपिसच्या रोजनिशीत १६६३ साली शेजारीण गरमागरम ‘अम्बल पाय’ घेऊन आल्याची आनंदाने केलेली नोंद आहे. पेपिस हा नौदलाच्या कारभारातील वरिष्ठ अधिकारी. त्याला या पदार्थाची लाज वाटत नव्हती. त्याला तो आवडला होता.

९/ एकोणिसाव्या शतकात मात्र इंग्रजीत ‘हम्बल पाय खाणे’ हा वाक्प्रचार रुळला. अर्थ, मान खाली घालून चूक कबूल करणे. ‘हम्बल’ म्हणजे विनम्र हा शब्द वेगळ्याच लॅटिन मुळाचा. अम्बल्सशी त्याचे नाते केवळ उच्चाराचे. तरीही ही कोटी लोकांना पटली. पोटातले मांस आणि हलका दर्जा यांची सांगड तोवर मनात बसली होती, एवढे त्यावरून दिसते.

१०/ पाककृतींची पुस्तके ही या बदलाची दुसरी साक्ष. हॅना ग्लासचे इंग्रजी पुस्तक १७४७चे. अमेलिया सिमन्सचे ‘अमेरिकन कुकरी’ १७९६चे. अमेरिकी लेखिकेने लिहून अमेरिकेत छापलेले पहिले पाकपुस्तक म्हणून ते ओळखले जाते. वासराची मुंडी, जीभ, पाय यांचे पदार्थ त्यात सहजपणे येतात. कोणतीही क्षमायाचना नाही, कोणतेही समर्थन नाही.

११/ ‘ॲलिस इन वंडरलँड’मधील ‘मॉक टर्टल’ हे पात्र अनेकांना आठवत असेल. १८६५ सालच्या आवृत्तीत जॉन टेनिएलने त्याला कासवाचे अंग आणि वासराचे डोके दिले. कारण महागड्या कासवाच्या सूपऐवजी इंग्रज घरांत वासराच्या मुंडीचे ‘नकली कासव सूप’ होत असे. हा विनोद मुलांना कळत होता, कारण मुंडी स्वयंपाकघरात येत होती.

१२/ याच काळाआधीचा युरोप समुद्रमार्गे जगभर गेला, तेव्हा आपली चवही घेऊन गेला. पोर्तुगीजांचा ‘सारापातेल’ हा डुकराचे मांस, कलेजी, हृदय आणि रक्त यांचा पदार्थ ईशान्य ब्राझीलमध्ये रुजला आणि गोव्यातही. गोव्यात तो सोरपोतेल झाला. व्हिनेगर आणि मसाल्यांत मुरवून नाताळाला आधीच करून ठेवला जाऊ लागला. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतही तो सणाचाच पदार्थ आहे. ‘पाश्चात्त्य लोक अवयव खात नाहीत’ हे विधान गोव्याच्या ताटातच खोटे ठरते.

१३/ मग बदल कधी झाला? मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. आणि त्याची सुरुवात स्वयंपाकघरात नव्हे, रस्त्यावर झाली. तोवर लंडनच्या मध्यवस्तीत स्मिथफील्डला जिवंत गुरांचा बाजार भरत असे. गुरे शहरातून हाकली जात, जवळपासच कापली जात. मांस म्हणजे एक जनावर, हे कोणालाही विसरता येत नसे.

१४/ पॅरिसमध्ये नेपोलियनने १८१० साली हुकूम काढून कत्तलखाने शहराच्या कडेला नेण्याची व्यवस्था केली. १८६७ साली ला व्हिलेतचा प्रचंड कत्तलखाना सुरू झाला. लंडनचा जिवंत गुरांचा बाजार १८५५ साली स्मिथफील्डहून इझलिंग्टनला हलवला गेला. कारणे आरोग्याची होती, वाहतुकीची होती, आणि सभ्यतेचीही होती. रक्त दिसू नये, हंबरणे ऐकू येऊ नये.

१५/ समाजशास्त्रज्ञ नॉर्बर्ट एलियास याने १९३९ साली हीच दिशा जेवणाच्या मेजावर दाखवून दिली. एकेकाळी संपूर्ण जनावर मेजावर आणून यजमान ते सर्वांसमोर कापीत असे आणि ते कौशल्य कुलीनतेचे लक्षण होते. हळूहळू कापणे स्वयंपाकघरात गेले, तेथून खाटकाकडे. नकोसे दृश्य नाहीसे होत नाही. ते पडद्याआड नेले जाते.

१६/ आता ज्या मांसाच्या तुकड्यावरून जनावर ओळखू येत नाही, तो चालतो. पण जीभ ही जीभच दिसते. मेंदू हा मेंदूच. हृदयाला झडपा असतात, गुर्द्याचा आकार सांगावा लागत नाही. पडदा ज्या समाजाने ओढला, त्याला अवयव खटकू लागले; कारण ते पडद्यामागचे सत्य ताटात आणतात.

१७/ यंत्रयुगाने दुसरा धक्का दिला. २५ डिसेंबर १८६५ रोजी शिकागोचे युनियन स्टॉक यार्ड्स सुरू झाले. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत गुस्ताव्हस स्विफ्टसारख्या व्यापाऱ्यांनी बर्फाने थंड ठेवलेल्या रेल्वे डब्यांतून सोललेले, साफ केलेले मांस पूर्वेकडील शहरांत धाडण्यास आरंभ केला. पूर्वी गाय प्रवास करीत असे. आता तिचे फक्त मांसल भाग प्रवास करू लागले.

१८/ स्नायूंचे मांस थंडीत दिवसेंदिवस टिकते. कलेजी, भेजा, वजडी लवकर खराब होतात. त्यामुळे हे भाग मागेच राहिले. पूर्वेकडील शहरात गोमांस स्वस्त झाले, पण ज्या जनावराचे ते मांस होते त्याची कलेजी शेकडो मैल दूर होती. एक पिढी अशी वाढली जिला हे पदार्थ घरात फारसे दिसलेच नाहीत. आणि न पाहिलेल्या अन्नाची किळस रुजायला एक पिढी पुरते.

१९/ शिकागोत मागे राहिलेले भाग वाया मात्र जात नव्हते. त्यांतून सरस, जिलेटिन, चरबी, वाद्यांच्या तारा तयार होत. डुकराच्या जठरातून पेप्सिन निघे. १९२० च्या दशकात गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडांतून इन्सुलिन काढले जाऊ लागले आणि मधुमेही मुले वाचू लागली. सॉसेज तर आतड्याच्या आवरणातच भरले जाई. अवयव पोटात जातच होते. फक्त त्यांचे नाव आणि रूप गेले होते.

२०/ स्नायूंचे मांस सर्वांच्या आवाक्यात आले, तेव्हा अवयव हे ‘ज्यांना तेही परवडत नाही’ अशांचे अन्न ठरले. रोमच्या तेस्ताच्चो भागातील कत्तलखाना १८९० च्या सुमारास सुरू झाला. तेथील कामगारांना मजुरीचा काही भाग अवयवांच्या रूपाने मिळे. जनावराचे चार चतुर्थांश विकले गेल्यावर उरलेला तो ‘क्विंतो क्वार्तो’, म्हणजे पाचवा चतुर्थांश. रोमची आजची प्रसिद्ध शेपटीची आणि आतड्याची व्यंजने त्याच मजुरीतून जन्मली.

२१/ उत्तर इंग्लंडच्या गिरणी-गावांत वजडी हे कामगारांचे रोजचे अन्न होते. तेथे केवळ वजडी विकणारी दुकाने आणि खानावळी होत्या. जॉर्ज ऑर्वेल १९३६ साली विगनमध्ये अशाच एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहिला. १९३७ सालच्या त्याच्या पुस्तकाचा आरंभ त्या घरातील घाणीच्या वर्णनाने होतो. ऑर्वेलची सहानुभूती कामगारांच्या बाजूने होती. तरीही असंख्य मध्यमवर्गीय वाचकांच्या मनात वजडी, घाण आणि दारिद्र्य यांची एकत्र प्रतिमा ठसली.

२२/ अमेरिकेत या प्रतिमेला वर्णाचीही कडा होती. गुलामगिरीच्या काळात आणि नंतरही दक्षिणेतील कृष्णवर्णीय कुटुंबांनी डुकराची आतडी तासन्‌तास धुऊन, शिजवून ‘चिटलिन्स’ हा पदार्थ घडवला. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय कलावंतांना जेथे गाता येई, त्या रंगमंचांच्या साखळीचे नावच ‘चिटलिन सर्किट’ पडले. पदार्थाचे नाव हे एका समाजाच्या जागेचे नाव झाले.

२३/ राल्फ एलिसनच्या ‘इनव्हिजिबल मॅन’ (१९५२) या कादंबरीचा नायक एका प्रसंगी कल्पना करतो : आपल्याला छळणाऱ्या प्रतिष्ठित कृष्णवर्णीय महाविद्यालय-प्रमुखाला भर लोकांत ‘हा चोरून चिटलिन्स खातो’ असे उघडे पाडावे. त्या एका आरोपाने त्याची सारी प्रतिष्ठा कोसळेल, हे नायकाला ठाऊक आहे. अन्नाच्या लाजेचे इतके नेमके चित्रण क्वचितच आढळते. माणूस काय खातो यावरून त्याला खाली खेचता येते, ही त्या लाजेची खरी ताकद.

२४/ किळस शरीराची असती, तर ती सर्व अवयवांना सारखी लागू झाली असती. तसे झाले नाही. बदकाची किंवा हंसाची चरबीयुक्त कलेजी ‘फ्वा ग्रा’ या फ्रेंच नावाने मेजवानीत मानाने बसली. वासराची ग्रंथी ‘स्वीटब्रेड’ या गोड नावाने महागड्या उपाहारगृहांत राहिली. चांदीच्या ताटातील यकृत रुचकर आणि मजुराच्या ताटातील यकृत ओंगळ, हा भेद जिभेचा नव्हे.

२५/ मध्येच वैद्यकाने एका अवयवाची बाजू घेतली. ‘पर्निशियस ॲनिमिया’ हा रक्तक्षयाचा प्रकार तेव्हा प्राणघातक होता. १९२६ साली बॉस्टनचे जॉर्ज मिनो आणि विल्यम मर्फी यांनी ४५ रुग्णांना रोज भरपूर कलेजी खाऊ घालून ते सुधारल्याचे प्रसिद्ध केले. या शोधाची वाट दाखवणाऱ्या जॉर्ज व्हिपलसह दोघांना १९३४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कलेजीतील तो घटक, बी१२ जीवनसत्त्व, १९४८ साली वेगळा करण्यात आला. पण त्यामुळे कलेजी ही औषध ठरली. आणि औषध कोणी आवडीने खात नाही.

२६/ अशा पार्श्वभूमीवर महायुद्ध आले. चांगले मांस सैन्याला आणि मित्रराष्ट्रांना जाऊ लागले. १९४२ साली अमेरिकी सरकारने प्रौढांनी आठवड्याला सुमारे अडीच पौंड मांसावर भागवावे असे आवाहन केले. २९ मार्च १९४३ पासून मांसाचे रेशनिंग सुरू झाले. अवयवांना रेशनचे गुण कमी लागत. म्हणजे पोषणाचा मोठा साठा देशातच होता. अडसर होता तो फक्त मनाचा.

२७/ हा अडसर समजून घेण्यासाठी नॅशनल रिसर्च कौन्सिलची ‘अन्नसवयी समिती’ काम करीत होती. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड तिच्या कार्यकारी सचिव. पहिला उपाय नावाचा : ‘ऑफल’ऐवजी ‘व्हरायटी मीट्स’, म्हणजे विविध मांसे, हा सौम्य शब्द वापरला जाऊ लागला. दुसऱ्या उपायाचा शोध घेण्याचे काम कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाकडे आले.

२८/ लेविन १८९० साली तेव्हाच्या प्रशियात, एका ज्यू कुटुंबात जन्मला. पहिल्या महायुद्धात तो जर्मन सैन्यातून लढला. १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर त्याने देश सोडला आणि पुढे आयोवा विद्यापीठात स्थिरावला. त्याची आई मागे राहिली. नाझींनी तिचा छळछावणीत बळी घेतला. व्यासपीठावरील एक आवाज समूहाला कोठे नेऊ शकतो, हे त्याने पाहिले होते. लोक लोकशाही मार्गाने कसे बदलतात, हा त्याच्यासाठी केवळ पुस्तकी प्रश्न नव्हता.

२९/ लेविनच्या गटाने आधी गृहिणींच्या मुलाखती घेतल्या. अन्न ताटात येण्यापूर्वी बाजार, परसबाग, साठवण अशा वाटांनी येते. त्या वाटांच्या दारावर कोण उभे असते? बहुतेक वेळा गृहिणी. तिने दार उघडले नाही तर घरात कोणाची आवडनिवड विचारायची वेळच येत नाही. या भूमिकेला त्याने ‘द्वारपाल’ म्हटले. पुढे वृत्तपत्रांच्या अभ्यासात रूढ झालेली ‘गेटकीपर’ ही संकल्पना येथून, मटणाच्या पिशवीतून निघाली आहे.

३०/ आता धाग्याच्या आरंभी उल्लेखिलेला प्रयोग. तीन गटांना व्याख्यान देण्यात आले. युद्धकाळातील देशाची गरज, अवयवांतील जीवनसत्त्वे आणि खनिजे, खर्चातील बचत हे सारे तक्त्यांसह समजावले गेले. वास आणि रूप यांवर मात कशी करावी, हेही सांगितले. वक्त्या स्त्रीने आपल्या घरी हे पदार्थ कसे आवडले ते सांगून पाककृतींच्या प्रती वाटल्या. व्याख्यान उत्तम होते.

३१/ उरलेल्या तीन गटांत थोडक्यात विषय मांडून प्रश्न स्त्रियांपुढेच ठेवला गेला : ‘तुमच्यासारख्या गृहिणींना हे का जमत नाही?’ नवरा तोंड वाकडे करील. शिजताना वास येतो. मुले हात लावणार नाहीत. अडचणी त्यांच्याच तोंडून आल्या. त्यानंतर आहारतज्ज्ञ स्त्रीने त्याच पाककृती दिल्या. शेवटी विचारले गेले : येत्या आठवड्यात यांपैकी एखादा पदार्थ करून पाहण्यास कोण तयार आहे? हात वर झाले.

३२/ सात दिवसांनी चौकशी झाली. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी केवळ ३ टक्के स्त्रियांनी आपण पूर्वी कधीही न केलेला असा एखादा पदार्थ करून वाढला होता. चर्चा करून निर्णय घेतलेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. माहिती तीच, पाककृती त्याच, वेळही तेवढाच.

३३/ आकडे प्रसिद्ध झाले १९४३ साली. पुढे त्यांची छाननीही झाली. १९५५ साली एडिथ बेनेट यांनी या प्रयोगाचे घटक वेगवेगळे करून तपासले. चर्चा स्वतः किंवा हात उघडपणे वर करणे, एवढ्याने फरक पडत नव्हता. निर्णय घेणे, आणि आपल्यासारख्या इतरांनीही तोच निर्णय घेतला आहे असे वाटणे, या दोन गोष्टी निर्णायक होत्या. कलेजीबद्दलचे ज्ञान अपुरे नव्हते. ‘आमच्यात कोणी खात नाही’ ही भावना आडवी येत होती.

३४/ तरीही शांतता आणि सुबत्ता परतताच अवयव पुन्हा मागे सरले. ब्रिटनमध्ये मांसाचे रेशनिंग मार्च १९४० पासून ४ जुलै १९५४ पर्यंत चालले. त्यात अवयवांना रेशन नव्हते. त्यामुळे ते टंचाईचे अन्न म्हणून ओळखीचे झाले. बंधन उठल्यावर माणसाला टंचाईची चव नको असते. वजडीची दुकाने एकेक करून बंद पडत गेली.

३५/ मग नियमही आले. १९७१ साली अमेरिकेने जनावरांचे फुप्फुस मानवी अन्न म्हणून वापरण्यास मनाई केली. कापताना जठरातील द्रव आणि धूळ त्यात जाऊ शकते, हे कारण. त्यामुळे स्कॉटलंडचा ‘हॅगिस’ तेथे आयात होईनासा झाला. कारण मेंढीचे हृदय, कलेजी आणि फुप्फुस हाच त्याचा गाभा. रॉबर्ट बर्न्सने १७८६ साली ज्याच्या स्तुतीपर कविता लिहिली, तो एका राष्ट्राचा अभिमान दुसऱ्या राष्ट्राच्या नियमात अखाद्य ठरला.

३६/ सर्वांत मोठा आघात ब्रिटनमध्ये झाला. १९८६ साली गाईंमध्ये ‘बीएसई’ हा मेंदूचा रोग ओळखला गेला. १९८९ साली मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा, आतडी अशा गोवंशीय अवयवांवर मानवी अन्न म्हणून बंदी आली. २० मार्च १९९६ रोजी सरकारने या रोगाचा मानवी मृत्यूंशी संभाव्य संबंध मान्य केला. ब्रिटनमध्ये या नव्या आजाराने १७०हून अधिक माणसे दगावली. जुनी किळस आता भीती म्हणून परतली, आणि या वेळी तिला कारण होते.

३७/ पण हा रोग पसरला कसा? कत्तलखान्यातील टाकाऊ भाग दळून केलेली मांस-हाडांची भुकटी शाकाहारी गाईंच्याच खाद्यात मिसळली जात होती. माणसाने ताटातून दूर केलेले अवयव नाहीसे झाले नव्हते. ते पडद्याआड, स्वस्त प्रथिने म्हणून फिरून पुन्हा जनावरात आणि तेथून माणसात आले. हा आघात अवयव खाण्याच्या जुन्या चालीतून आला नव्हता. ते न पाहण्याच्या नव्या चालीत त्याचे मूळ होते.

३८/ योगायोग असा की, याच भीतीच्या काळात, १९९४ साली, फर्गस हेंडरसन यांनी लंडनमध्ये ‘सेंट जॉन’ हे उपाहारगृह उघडले. मज्जेची हाडे, हृदय, डुकराचे कान, शेपट्या हे तेथील मुख्य पदार्थ. ‘नाकापासून शेपटीपर्यंत’ जनावर वापरणे ही मारलेल्या जिवाप्रती सभ्यता होय, अशी त्यांची भूमिका. २००९ साली त्याला मिशेलिन तारा मिळाला. उपाहारगृह आहे स्मिथफील्डजवळ. १८५५ साली जेथून जिवंत गुरे हलवली गेली, तेथेच.

३९/ मजुराची वजडी आता जाणकारांचा पदार्थ झाली. हा सन्मान स्वागतार्ह असला, तरी त्यात एक बोच आहे. आतडी धुणाऱ्या ज्या हातांनी ही पाककला शतकभर जिवंत ठेवली, त्यांना त्याच पदार्थासाठी लाज वाटायला लावली गेली होती. पदार्थाला प्रतिष्ठा मिळाली ती बहुधा ताट बदलल्यावर.

४०/ आज अमेरिकेत कापलेल्या गुरांच्या जिभा मोठ्या प्रमाणावर जपानला जातात, कलेजी इजिप्तला. तेथे त्या आवडीने खाल्ल्या जातात. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांच्या अभ्यासातून दिसते की अगदी लहान मुलांमध्ये मोठ्यांसारखी किळस नसते. ती भोवतालच्यांकडून शिकली जाते. ती शिकली गेल्यावर मात्र शिकल्याचे आठवत नाही. ती निसर्गाचा आवाज वाटते.

४१/ कुर्ट लेविन फेब्रुवारी १९४७ मध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी गेला. त्याचा निष्कर्ष कारखान्यांत, शाळांत, व्यवस्थापनाच्या वर्गांत पोहोचला. अन्नाच्या बाबतीत मात्र जग अजूनही व्याख्यानेच देते : अमुक पौष्टिक आहे, तमुक पृथ्वीसाठी चांगले आहे. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने खाद्य कीटकांवर प्रदीर्घ अहवाल काढला. त्यातील माहिती आयोवातील तक्त्यांसारखीच सरस आहे. माहितीवर अडत नाही, हे आयोवाने आधीच दाखवले होते.

४२/ अवयवांचा पाश्चात्त्य इतिहास थोडक्यात असा : देवाच्या यज्ञातील पहिला घास, राजाच्या मुदपाकखान्यातील पदार्थ, मजुराची मजुरी, गुलामाचा वाटा, रुग्णाचे औषध, युद्धाची सोय आणि शेवटी चोखंदळांची चैन. कलेजी या सर्व काळात तीच राहिली. बदलत गेले ते तिच्याकडे पाहणारे, आणि ती खाणाऱ्यांकडे पाहणारे. म्हणून दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडले जाते, तेव्हा आधी विचारावे : ही किळस कोणी शिकवली, आणि ती शिकवताना कोणाला खाली बसवले गेले?

(धागा समाप्त)